मागच्या खोलीतल्या पायऱ्या

१

सहल आखणं म्हणजे बॅग भरणं, असं मी दुकानात येणाऱ्याला नेहमी सांगतो. जड गोष्टी तळाशी, नाजूक मधोमध, आणि वरून हात घातल्याबरोबर हवी ती वस्तू सापडली पाहिजे. हे मला कुठल्या कॉलेजात शिकवलेलं नाही. नववीनंतर शाळेचा आणि माझा संबंध संपला. कल्याण स्टेशनाबाहेर मी बॅगांच्या चेन दुरुस्त करायला बसायचो. परदेशाहून आलेल्या बॅगांच्या मुठींना विमानतळांच्या चिठ्ठ्या चिकटलेल्या असायच्या. त्या मी सोलून वहीत लावल्या आणि जगाचा भूगोल त्या वहीवरून शिकलो. चेनवरून बॅगांवर आलो, बॅगांवरून सहलींवर. आज डोंबिवली पूर्वेला उतरून ‘उत्तम टूर्स’ म्हटलंत की रिक्षावाला दारात आणून सोडतो.

पण खरं सांगतो, ह्या धंद्यातलं तोंड माझं आणि डोकं माझ्या बायकोचं, शालनचं. तिने सतरा देशांच्या सहली आखल्या आणि त्यातल्या एकाही देशात ती गेलेली नाही. दर वर्षी मी म्हणायचो, पुढच्या वर्षी तुला नेतो. दर वर्षी ग्रुप निघायच्या दिवशी दुकानात कुणीतरी थांबायला हवं असायचं.

तिची पद्धत जगात दुसऱ्या कुणाची नसेल. ती सहलीची तालीम करते, घरातल्या घरात. आमचं घर दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. बाल्कनी म्हणजे हॉटेल. पॅसेज म्हणजे बस. स्वयंपाकघर म्हणजे तिकीटखिडकी. आणि मागची खोली, जिथे विकायच्या बॅगा छतापर्यंत रचलेल्या असतात, ती म्हणजे जे काय बघायला जायचं असेल ते. बसचा प्रवास अडीच तासांचा असेल तर शालन पायात बूट घालून पॅसेजमधल्या खुर्चीवर अडीच तास बसते. फोन नाही, पेपर नाही. ती खोलीत गेली की दार लावून घेते, मी दाराबाहेर तिची वही आणि घड्याळ घेऊन बसतो आणि वेळा पुकारतो. ती आतून उत्तर देते. मध्ये दार उघडायचं नाही. “दार उघडलंत की मी घरात येते,” ती म्हणते, “मग मोजता येत नाही.”

काश्मीरच्या वेळी ती बर्फाच्या पाण्याच्या टबात पाय सोडून बसली होती. का, तर माणूस कितव्या मिनिटाला ‘चला परत’ म्हणतो ते बघायला. नवव्या. तिथे गेल्यावर आमच्या ग्रुपमधले हरिहर जोशी घड्याळात बघून नवव्या मिनिटाला म्हणाले, चला परत. मी गाइडसमोर मान ताठ करून उभा राहिलो. अशी बाई आहे ती. आणि वेळ चुकलेली तिला खपत नाही. लग्नाच्या मांडवात भटजींना तिने मुहूर्तातली दोन मिनिटं दुरुस्त करून दिली होती, तेव्हाच मी ओळखलं की आपलं भलं होणार.

२

ह्या वर्षी मेक्सिकोचा ग्रुप ठरला. चौदा जण. समुद्रकिनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये पाच रात्री, आणि मधल्या एका दिवशी जंगलातले माया लोकांचे जुने अवशेष, तिथलं उंच पायऱ्यांचं देऊळ बघून संध्याकाळच्या आत परत. सगळी सहल सरळ होती, गाठ होती ती ह्या एका दिवसाची. रिसॉर्टपासून बसने दोन तास चाळीस मिनिटं, वर डोक्यावर ऊन, आणि ग्रुपमध्ये निम्म्यांचे गुडघे कुरकुरणारे.

दुकानात बैठक झाली तेव्हा रिटायर्ड इंजिनियर गुरुदत्त सबनीस म्हणाले, “दोन तास चाळीसचं काय घेऊन बसलात उत्तमराव. घोडबंदर रोडवरून तुमच्याकडे यायला आज मला तेवढेच लागलेत. निदान तिकडे शेवटी काहीतरी बघायला मिळेल.”

“साहेब, गुडघ्यांचं बोला,” मी म्हटलं.

“गुडघे डॉक्टरांनी चालायला दिलेत, चढायला नाही.”

शीळफाट्याकडच्या आवडाबाई बाजूला बसल्या होत्या. सत्तरीच्या, हातात पाटल्या, लहानपण मिठागरात गेलेलं. त्या म्हणाल्या, “मना पायऱ्यांचं काय नाय. मिठाच्या पाट्या वाहिल्यान डोक्यावर. या सायबांना खालीच बसवा सावलीत, हाती शहाळं द्या.”

“सावली आहे का पण तिथे?” सबनीसांनी विचारलं.

ते मला माहीत नव्हतं. मी शालनकडे पाहिलं. ती वहीत काहीतरी लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, “सोमवारी बघून सांगते.”

सगळे हसले. मीही.

३

सोमवारी दुकान बंद असतं. साडेसहाला शालन बाल्कनीतून निघाली. पॅसेजमध्ये दोन तास चाळीस मिनिटं बसली. मध्ये एकदा स्वयंपाकघरात जाऊन आली, कारण वाटेत बस एकदा थांबते. साडेनऊला तिने मागच्या खोलीचं दार लावून घेतलं. मी स्टुलावर बसलो.

“साडेनऊ. फाटक,” मी पुकारलं.

“फाटक,” आतून आवाज.

“नऊ पन्नास. मोठं देऊळ.”

“देऊळ.”

मग तिच्या बुटांचा आवाज यायला लागला. ती खोली मी स्वतः टेपने मोजलेली आहे, आठ बाय नऊ. बॅगा रचल्यावर मध्ये चार पावलांची जागा उरते. त्यात ती फेऱ्या मारते, तो आवाज मला पाठ आहे. हा तसा नव्हता. जन्मभर मी स्टेशनाच्या पुलाखाली बसलेला माणूस. चालण्याचा आवाज आणि चढण्याचा आवाज ह्यांतला फरक मला झोपेतही कळतो. चढताना पाऊल टेकतं आणि मग त्यावर वजन येतं. दोन आवाज असतात. आत दोन आवाज येत होते, आणि हळूहळू ते वर जात होते.

मला वाटलं, बॅगांवर पाय ठेवतेय की काय, पडेल. मी म्हटलं, “शालन, स्टूल घेतलंस का आत?”

“स्टूल बाहेर आहे. त्यावर तुम्ही बसलायत.”

आवाज छताच्याही वरून आला.

अकरा पन्नासला, जेवणाच्या वेळी, ती दार उघडून बाहेर आली. गालांवर लाली, ओठ सुकलेले. पाणी प्यायली आणि वहीत लिहिलं: अठ्ठ्याऐंशी पायऱ्या, शेवटच्या दहा उंच. सावली: डाव्या हाताला मोठं झाड, बसायला दगड. शहाळेवाला झाडाखाली, दहानंतर येतो.

“हे सगळं फोनवर पाहिलंस का?” मी विचारलं.

“पाहिलं असेल,” ती म्हणाली. “तुम्ही जेवून घ्या.”

बुटांना पांढरी धूळ होती. आमच्या खोलीचा चुना उडतोच, असं मी मनाशी म्हटलं.

४

मेक्सिकोतल्या एजंटाशी माझं आठवड्यातून एकदा बोलणं होतं. इंग्रजी त्याचंही मोडकं, माझंही, त्यामुळे आमचं छान जमतं. मी त्याला सहज विचारलं, फाटकातून आत गेल्यावर डाव्या हाताला झाड आहे का. आहे, म्हणाला. खाली शहाळेवाला? तो थांबला. म्हणाला, तो तर गेल्या आठवड्यापासून बसायला लागलाय, तुम्हाला कुणी सांगितलं?

तुम्हाला काय वाटेल ते वाटो, मला आनंद झाला. दुसरा घाबरला असता. पण मुंबईतल्या मोठ्या कंपन्या जे गिऱ्हाइकाला सांगू शकत नाहीत, ते माझी बायको मागच्या खोलीत बसून सांगते, हे मनात आल्यावर माझी छाती फुगली. मी पुढे विचारलं, पायऱ्या किती? म्हातारी माणसं आहेत आमची.

“पायऱ्या कितीही असू देत,” तो म्हणाला. “वर जायला बंदी आहे. कितीतरी वर्षं. खाली दोर लावलेला आहे, वर कुणी नसतं.”

त्या दुपारी शालन भाजी आणायला गेल्यावर मी मागच्या खोलीतल्या सगळ्या बॅगा बाहेर काढल्या. भिंती ठोकून पाहिल्या. एक भिंत शेजारच्या रंगूबाईंच्या न्हाणीघराची. त्यांनी पलीकडून विचारलं, “काय हो उत्तमराव, खिळा मारताय का?” दुसरी भिंत बाहेरची, तिच्यामागे जिना नाही. खिडकी नाही. वर गच्ची, गच्चीवर पाण्याची टाकी. मी पुन्हा टेप लावला. आठ बाय नऊ. माणसाला व्हिडिओ बघून बघून अंगात भिनतं, असं मी स्वतःला समजावलं. शहाळेवाला उष्ण देशात असणारच, झाड जंगलात असणारच. हिशेब बसला. आवाजाचा बसत नव्हता, तो मी सोडून दिला.

शालनला मी बंदीचं सांगितलं. ती भेंडी पुसत होती. हात थांबला.

“वर कुणी जात नाही?”

“कुणी नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि पुन्हा भेंडी पुसायला लागली. जरा वेळाने म्हणाली, “बसलेले तर असतात.”

५

दुसरी तालीम मी थांबवायला हवी होती. पण सबनीसांचा फोन आला. सावलीतला दगड किती उंच आहे, कारण फार खाली असेल तर त्यांना उठता येत नाही. मी फोन ठेवून शालनला म्हटलं, “एवढं एक बघशील का?” हे मीच म्हटलं. ते तिच्यावर ढकलता येणार नाही.

तिने पाहिलं. दगड गुडघ्याएवढा. शिवाय, अकरानंतर त्यावर ऊन येतं, तेव्हा सबनीसांना आधी बसवून आधी उठवायचं. कुठल्या माणसाला हे सुचेल? सबनीस फोनवर म्हणाले, “वहिनींना माझा नमस्कार सांगा. आमच्या कंपनीत असं प्लॅनिंग कुणी केलं नाही.”

त्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजल्यासारखा लाल झाला होता. उजवा नेहमीसारखा. मी त्यावर कोरफड लावत होतो.

“गॅसवर भाजलं का?”

“वर सावली नाही ना. तिथे एकाच बाजूने ऊन लागतं.”

“शालन, वर काय आहे?”

ती आठवून सांगावं तसं बोलली. “छान आहे. खूप शांत. झाडांचे शेंडे दिसतात, समुद्रासारखे. मी कधी एवढ्या उंचावर गेले नव्हते हो. आणि ती माणसं पाठमोरी बसलेली असतात, ती काही बोलत नाहीत. जागा करून देतात फक्त.”

“किती माणसं?”

“अजून मोजली नाहीत,” शालन म्हणाली. तिने काही मोजलं नाही असं मी तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

६

तिसऱ्या तालमीला मी नाही म्हटलं. ती हट्टी नाही, पण बूट घालून पॅसेजमध्ये येऊन बसली आणि म्हणाली, “ग्रुप गुरुवारी जाणार. सतरा वेळा मी सगळ्यांना पाठवलं. एकदा जाऊन येऊ दे मला नीट.”

मी वही आणि घड्याळ उचललं.

सकाळचं लख्ख ऊन होतं, खाली रस्त्यावर मंगळवारच्या बाजाराची गडबड. मंगळवार असून मी दुकान उघडलं नाही. साडेनऊला ती आत गेली. फाटक म्हटलं, फाटक म्हणाली. देऊळ म्हटलं, देऊळ म्हणाली. मग चढण्याचे आवाज. मी बोटांवर मोजत होतो. अठ्ठ्याऐंशीला ते थांबले.

अकरा पन्नासला मी म्हटलं, “जेवण.”

उत्तर नाही.

“शालन, अकरा पन्नास. जेवण.”

बारा वाजले. मी दार उघडलं. बॅगा. पत्र्याच्या दिव्याखाली रचलेल्या, निळ्या, काळ्या, एकावर एक. मधली चार पावलांची जागा मोकळी. शालन नव्हती. बॅगांमागे जाता येत नाही, तरी मी हात घालून पाहिलं. मग माझ्याकडून दार कसं लोटलं गेलं कळलं नाही, पण ते लागल्याबरोबर आतून, खूप वरून, शालन म्हणाली, “तालमीत दार उघडायचं नाही असं ठरलंय ना.”

 मी स्टुलावर टेकलो. “तू ये आता.”

“येते. कितीला?”

“म्हणजे?”

“परतीची वेळ किती आहे? वहीत बघा ना.”

मी वही उघडली. फाटक होतं, देऊळ होतं, जेवण होतं. त्याखाली पान कोरं. आधीच्या सहलींची पानं उलटली. सतरा देश, कुठल्याही पानावर परतीची एक ओळ नव्हती. मग मला आठवलं. पहिल्याच सहलीच्या वेळी मी तिला सांगितलं होतं, परतीची तालीम नको करूस, फुकट वेळ जातो. येताना माणसं दमलेली असतात, बसमध्ये झोपतात, आलो तसं यायचं. मोठा शहाणा मी. त्यानंतर तिने परत येणं कधी आखलंच नाही.

“वहीत नाहीये,” मी म्हटलं.

“मग कसं येऊ?” तिने अगदी साधं विचारलं, चावी विसरल्यावर विचारतात तसं.

७

मी खिशातलं पेन काढलं. कोऱ्या पानावर टेकवलं. “मी लिहितो,” मी म्हटलं, “मी पुकारतो, तू ये. बारा वीस. देवळावरून खाली.”

काही नाही. पाऊल नाही. वर वाऱ्याचा आवाज होता, झाडांतून येतो तसा. आमच्या त्या खोलीत पंखासुद्धा नाही.

“बारा चाळीस. बसमध्ये. दीड वाजता रिसॉर्ट,” मी घाईत वाचून टाकलं.

“दीड कसे?”

मी ओळ पुन्हा वाचली.

“बारा चाळीसला निघाल्यावर दीडला कसे पोचाल? दोन तास चाळीस मिनिटं लागतात. तीन वीस.” आणि चार आवाज आले. टेकणं, वजन. टेकणं, वजन. दोन पायऱ्या खाली.

मी व्यापारी माणूस आहे. समोरचा कशाला हात घालतो ते एकदा दिसलं की मला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. “बरं, तीन वीस,” मी म्हटलं. “वाटेत बस थांबत नाही.”

“थांबते. पंधरा मिनिटं. सबनीसांना लागते.” सहा पायऱ्या.

“सबनीस शेवटी बसमध्ये चढतील.”

“सबनीस आधी. किती वेळा सांगितलं?” आवाजात राग यायला लागला होता. इतका गोड राग मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. “शेवटी चढले तर मागची सीट मिळते, मग गुडघे दुमडून बसावं लागतं.”

“आवडाबाईंना पुढची सीट.”

“त्यांना पुढे उलटी होते. खिडकी, मधली.”

मी वाट्टेल ते बोलत गेलो. पाण्याच्या बाटल्या दहा म्हटल्या, ती म्हणाली अठ्ठावीस. टोप्या नकोत म्हटलं, ती कावली. मेक्सिकोची वेळ आपल्या पुढे आहे म्हटलं, त्यावर तिने मला शाळेतल्या पोरासारखं झापलं, आणि तेवढ्यात वीस पायऱ्या उतरल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी चुका शोधत होतो. तीस वर्षांत तिच्याकडून जे जे बरोबर शिकलो होतो ते सगळं उलटं करून बोलत होतो. सत्तर. ऐंशी. अठ्ठ्याऐंशी. मग सपाट जमिनीवरची पावलं, खडीवर चालल्यासारखी. मग एकदम जवळ, दाराच्या अगदी पलीकडे, तिचा दमलेला श्वास.

हात दाराच्या मुठीवर ठेवून मी एकच शेवटची गोष्ट मुद्दाम बरोबर बोललो. तेवढं तरी तिने मान्य करावं, असं मला फार वाटत होतं.

“उतरलेली माणसं,” मी म्हटलं, “एक.”

दारापलीकडून शालन म्हणाली, “दोन.”

मी तसाच उभा राहिलो. दार लावून ठेवलं असतं तर ती पुन्हा वर गेली असती, हे मला कळत होतं. खाली भाजीवाला ओरडत होता. रंगूबाईंच्या न्हाणीघरात बादली भरत होती.

“उघडा ना,” ती म्हणाली. “पाय दुखले हो.”

मी दार उघडलं. शालन होती. माझी शालन, उन्हाने रापलेली, केसांत धूळ, दमलेली आणि इतकी आनंदात की तिचं वय मला क्षणभर सापडेना. मी तिचा हात धरला, हात गरम होता. तिच्या ओढणीचं एक टोक खांद्यावर होतं. दुसरं तिच्या मागे ताणलेलं होतं, कुणीतरी धरून चालत आल्यासारखं, सरळ वर, चौकटीच्याही वर, जिथे खोलीचं छत असायला हवं तिथपर्यंत.

मी वर पाहिलं नाही. पाहायला लागलो होतो, पण शालनने मान हलवली.

“उन्हातून आलेत,” ती हळूच म्हणाली. “असं दारात उभं करू नये.”

चाळीस वर्षं मी उंबऱ्यावर आलेल्या प्रत्येकाला एकच शब्द म्हणत आलोय. तो म्हणायला मला डोकं लागत नाही, तोंडच म्हणतं.

“या,” मी म्हणालो, आणि बाजूला झालो.